बोस्टनचा १९१९ चा पोलीस संप: मागण्या मंजूर झाल्या, पण दुसऱ्यांसाठी

प्रश्न असा आहे की १९१९ साली अमेरिकेत बोस्टनच्या पोलिसांनी संप केला तो नक्की पगारासाठी की युनियनसाठी, आणि संपावर गेलेले सगळेच नोकरीला मुकले तर त्यातून कुणाला काय मिळालं. थोडक्यात सांगायचं तर चिडले पगारावरून, बाहेर पडले युनियनवरून, आणि मागितलेलं बरंचसं मंजूर झालं, फक्त ते त्यांच्या जागी भरती झालेल्यांना मिळालं. आता सविस्तर.

कामगार कायद्यात माझी तीसेक वर्षं गेली, निम्मी युनियनच्या बाजूने आणि निम्मी मॅनेजमेंटच्या. त्यामुळे कुठल्याही संपाची फाईल उघडली की मागण्यांचं पत्रक मी नंतर वाचतो, आधी बघतो की समोरच्या खुर्चीत कोण बसलंय आणि त्याला 'हो' म्हणायचा अधिकार तरी आहे का. बोस्टनमध्ये तो अधिकार एका माणसाकडे नव्हताच, आणि माझ्या मते अर्धा संप तिथेच ठरला होता.

पण आधी पगाराचं बघू, कारण त्यात पोलिसांची बाजू खरंच भक्कम होती. नवीन भरती झालेल्या शिपायाला पहिल्या वर्षी ७३० डॉलर, म्हणजे दिवसाला २ डॉलर, आणि सहा वर्षं घासल्यावर वर्षाला १,४०० डॉलर. त्यातून युनिफॉर्म आणि बाकीचं सामान स्वतःच्या खिशातून घ्यायचं, त्याचा खर्च २०० डॉलरच्या वर. पहिल्या वर्षाच्या कमाईतला चौथा हिस्सा अंगावरच्या कपड्यात गेला की घरी काय न्यायचं? १९१३ पासून मे १९१९ पर्यंत महागाई ७६ टक्के वाढली आणि पोलिसांचे पगार १८ टक्के, मध्ये पहिलं महायुद्ध होऊन गेलं होतं. ट्रामचा कंडक्टर पोलिसापेक्षा दिवसाला अर्धा डॉलर जास्त कमवत होता आणि सुतार किंवा मेकॅनिक दुप्पट. आणि तास किती, तर आठवड्याला ७५ ते ९०. कोर्टात साक्षीला उभं राहिलात तर तो वेळ फुकट. वर थकलेल्या टॅक्सची बिलं वाटत फिरा, जनगणना करा, मतदान केंद्रावर उभे राहा, साहेबांची खाजगी कामं करा, ते वेगळंच.

आणि ड्युटी संपली म्हणून घरी जायला मिळायचं असंही नाही, कितीतरी रात्री चौकीतच झोपायला लागायच्या. शहरात १९ चौक्या होत्या, बहुतेक १८६१ ला सुरू झालेल्या अमेरिकन यादवी युद्धाच्याही आधीच्या इमारती. एकजण उठून पहाऱ्याला गेला की त्याच्याच गरम अंथरुणात दुसरा शिरायचा. कोर्ट स्ट्रीटच्या चौकीत १३५ माणसांना ४ संडास आणि अंघोळीचा टब एक. एक! मी बऱ्याच तक्रारींच्या याद्या वाचल्यात, आणि माझा अनुभव असा की माणूस कमी पगार वर्षानुवर्षं सहन करतो पण संडासासाठी रांगेत उभं राहणं फार दिवस सहन करत नाही. पगाराचा आकडा महिन्यातून एकदा दिसतो, तो टब रोज दिसतो.

आता मालक कोण ते बघू. हे पोलीस बोस्टन शहराचे, पगार शहराच्या तिजोरीतून, म्हणजे महापौराच्या हातात. पण पोलीस दल चालवायचं पोलीस कमिशनरने, आणि कमिशनरला नेमायचं मॅसॅच्युसेट्स राज्याच्या गव्हर्नरने. हा विचित्र कारभार १८८५ पासूनचा. शहरात आयरिश कॅथलिक वस्ती वाढली, महापौरपदही त्यांच्याकडे जायला लागलं, तेव्हा राज्याच्या विधिमंडळातल्या जुन्या प्रोटेस्टंट रिपब्लिकन मंडळींनी पोलीस खातं शहराकडून काढून राज्याच्या ताब्यात घेतलं. आधी तिघांचं बोर्ड होतं, १९०६ पासून एकच कमिशनर. परिणाम असा की पगारवाढ मागायला महापौराकडे जा तर तो म्हणणार शिस्त आणि युनियन माझ्या हातात नाही, कमिशनरकडे जा तर तो म्हणणार पैसे माझ्याकडे नाहीत, आणि गव्हर्नर म्हणणार कमिशनरच्या कामात मी लुडबुड करत नाही. तिघेही आपापल्या जागी बरोबर, मरतो मधला. अशी रचना जिथे जिथे बघितली तिथे शेवटी स्फोटच बघितलाय, एका ठिकाणी तर मी स्वतः आठ महिने मीटिंगा केल्या आणि नवव्या महिन्यात कळलं की समोर बसलेल्या माणसाला चहाच्या बिलापलीकडे सहीचा अधिकारच नव्हता.

१९०६ ते १९१८ स्टीफन ओमीरा नावाचा कमिशनर होता आणि तो होता तोवर हे गाडं चाललं. त्यानेच पोलिसांचा 'बोस्टन सोशल क्लब' काढून दिला होता, म्हणजे गाऱ्हाणी मांडायची एक जागा. डिसेंबर १९१८ मध्ये तो वारला आणि त्याच्या जागी एडविन कर्टिस आला. हा पूर्वी बोस्टनचा महापौर राहिलेला, जुन्या प्रोटेस्टंट घराण्यातला रिपब्लिकन, तब्येतीने खचलेला आणि शिस्तीचा भोक्ता. त्याने सोशल क्लबला विचारणंच सोडलं आणि स्वतःच्या देखरेखीखाली एक तक्रार समिती बसवली. मॅनेजमेंटने बनवलेली कामगार समिती कशी चालते हे ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको.

१९१९ च्या जूनमध्ये 'अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर' या मोठ्या कामगार महासंघाने ठरवलं की यापुढे पोलिसांच्या संघटनांनाही संलग्नता द्यायची. थोड्याच दिवसांत ३७ शहरांतले पोलीस आत आले आणि ऑगस्टमध्ये बोस्टनवाले. त्यांच्या डोळ्यासमोर लंडनचं उदाहरण होतं असं मला वाटतं. ३० ऑगस्ट १९१८ ला लंडनचे हजारो पोलीस संपावर गेले होते, युद्ध चालू असताना, आणि पंतप्रधान लॉइड जॉर्जने एका दिवसात पगारवाढ दिली आणि युनियनसाठी बडतर्फ केलेल्या शिपायाला परत घेतलं. पण गोष्टीचा दुसरा भागही आहे ना. वर्षभरात ब्रिटिश सरकारने पोलीस युनियनवर बंदी घालणारं विधेयक आणलं, त्याविरुद्ध १ ऑगस्ट १९१९ ला लिव्हरपूलमध्ये संप झाला, आणि या वेळी संपावर गेलेले साडेनऊशेच्या आसपास पोलीस कायमचे घरी गेले. हे बोस्टनवाल्यांच्या संलग्नतेच्या जेमतेम पंधरा दिवस आधीचं. लंडन लक्षात ठेवलं आणि लिव्हरपूल नजरेआड केलं. पहिल्या वेळी सरकार गाफील होतं, दुसऱ्या वेळी तयारीत, हा फरक कुणीतरी त्यांना समजावून सांगायला हवा होता.

कर्टिसने ११ ऑगस्टला नियम काढला की माजी सैनिकांच्या संघटना सोडून कुठल्याही बाहेरच्या संघटनेत पोलिसांनी जायचं नाही. त्याचा युक्तिवाद असा की उद्या कारखान्यात संप झाला आणि तिथे बंदोबस्त लावायचाय, तर त्याच महासंघाचा सभासद असलेला पोलीस नक्की कुणाचं ऐकणार? हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही, मी युनियनकडून उभा असताना मलाही त्याचं उत्तर देताना घाम फुटलाय. पोलिसांनी तरीही संलग्नता घेतली, कर्टिसने युनियनच्या १९ पदाधिकाऱ्यांवर आरोपपत्रं काढली आणि चौकशी लावली.

इथे महापौर अँड्र्यू पीटर्सने एक शहाणपणाचं काम केलं, ३४ नागरिकांची समिती नेमली आणि अध्यक्ष केला जेम्स स्टोरो नावाच्या बँकरला. हा माणूस काही काळ जनरल मोटर्सचा अध्यक्ष राहिलेला, म्हणजे कामगारांचा कैवारी वगैरे अजिबात नाही. समितीने सांगितलं की पोलिसांनी आपली स्वतंत्र युनियन ठेवावी पण महासंघाशी नातं तोडावं, संपाचा हक्क सोडावा, आणि बदल्यात कर्टिसने युनियनला मान्यता द्यावी आणि त्या १९ जणांवर कारवाई करू नये, पगार आणि चौक्यांचं नंतर त्रयस्थांनी बघावं. ही तडजोड मी आज वाचतो तेव्हाही हळहळ वाटते, इतकी ती नेटकी होती. शहरातल्या ५ पैकी ४ वर्तमानपत्रांनी तिला पाठिंबा दिला. कर्टिसने ती फेटाळली, गव्हर्नर कॅल्विन कूलिज त्याच्या पाठीशी राहिला, आणि ८ सप्टेंबरला त्या १९ जणांना दोषी ठरवून सस्पेंड केलं.

सस्पेंड केलं, बडतर्फ नाही, हे बारकाईने बघा. चौकशीत दोषी ठरवून झालंय, बडतर्फीचा अधिकार हातात आहे, आणि तरी माणूस निलंबनावर थांबतो. वकिलाच्या नजरेला ही उघडी ठेवलेली फट दिसते, कर्टिसने ती मुद्दाम ठेवली का नाही हा भाग वेगळा. मी त्या युनियनचा सल्लागार असतो तर म्हटलं असतं दोन महिने गप्प बसा, गव्हर्नरची निवडणूक नोव्हेंबरमध्ये आहे, वर्तमानपत्रं आपल्या बाजूने झुकलीत, तडजोडीचा मसुदा छापून आलाय, कोर्टात जा आणि रोज ड्युटीवर जा. पण हे आज खुर्चीत बसून बोलणं सोपं आहे. आपले १९ जण आपल्यासाठी पुढे झाले आणि त्यांच्यावर कुऱ्हाड पडली, तर सभागृहात उभं राहून 'थांबा' म्हणायची छाती लागते. त्याच दिवशी मतदान झालं, संपाच्या बाजूने १,१३४ आणि विरोधात २.

९ सप्टेंबर, मंगळवार, संध्याकाळी ५:४५ च्या हजेरीला १,५४४ पैकी १,११७ पोलीस चौक्यांतून बाहेर पडले. दिवसा कर्टिसने महापौराला सांगितलं होतं की माझी तयारी आहे, राज्याचं गार्ड दल, म्हणजे राज्याची स्वतःची शस्त्रधारी फौज, बोलवायची आत्ता गरज नाही. आता ही तयारी काय होती? स्वयंसेवक जमवले होते, पण त्यांना बोलावलं होतं दुसऱ्या दिवशी सकाळी. राज्याच्या पार्क पोलिसांचे १०० जण आणायचे होते, त्यातल्या ५८ जणांनी सरळ नकार दिला. म्हणजे सात-साडेसात लाख वस्तीच्या शहरात संपाची पहिली रात्र जवळजवळ मोकळी सोडलेली.

सुरुवातीला लोकांना गंमतच वाटली. बोस्टन कॉमन हे शहराच्या मधोमध असलेलं मोठं मैदान, तिथे गवतावर उघड्यावर फाशांचा जुगार सुरू झाला, लोक गोल करून उकिडवे बसलेत, मध्ये नोटांची चळत, आणि पकडायला कोणी येणार नाही याचा आनंद जुगारापेक्षा जास्त. अंधार पडल्यावर गंमत संपली, दुकानांच्या काचा फुटायला लागल्या, बूट, शर्ट, टाय, हाताला लागेल ते घेऊन लोक पळाले. यात मुरलेले गुन्हेगार कमी आणि टारगट पोरं, हौशे-गवशे जास्त होते असं मला सगळं वाचून वाटतं, पण दुसऱ्या दिवशी पेपरात फुटकी काच तेवढी छापून येते, ती कुणी फोडली ते कोण बघतो. एका रात्रीत पोलिसांच्या बाजूचं जनमत गेलं. चौकीतला टब कुणी पाहिला नव्हता, काच सगळ्यांनी पाहिली.

दुसऱ्या दिवशी महापौराने एका जुन्या कायद्याचा आधार घेऊन शहरातलं गार्ड दल रस्त्यावर आणलं, त्याच सुमारास हार्वर्ड विद्यापीठाच्या अध्यक्षांनी विद्यार्थ्यांना स्वयंसेवक व्हा म्हणून सांगितलं. बुधवारी रात्री साउथ बोस्टनमध्ये गार्डने जमावावर गोळीबार केला. या सगळ्या दिवसांत मिळून ९ माणसं मेली, बहुतेक गार्डच्या गोळ्यांनी. मग ११ तारखेला, म्हणजे अवघड काम महापौराने उरकल्यावर, गव्हर्नर कूलिजने उरलेलं गार्ड दल बोलावलं, एकूण ५,००० च्या आसपास, सगळी सूत्रं स्वतःकडे घेतली आणि कर्टिसला पुन्हा अधिकार दिले. टाइमिंग बघा. आधीचे कित्येक दिवस 'माझा काही संबंध नाही' आणि शहर शांत होताना 'मी आहे'. मला हा माणूस कधी आवडला नाही पण राजकारण म्हणून याला पैकीच्या पैकी मार्क.

महासंघाचा अध्यक्ष सॅम्युअल गॉम्पर्स, त्याने तारा पाठवल्या की पोलिसांना परत रुजू करून घ्या, प्रश्न नंतर सोडवू. पोलीस परतायला तयारही झाले होते, १२ तारखेलाच. कर्टिस म्हणाला जागा रिकाम्या झाल्यात, नवीन भरती करतोय. आणि कूलिजने १४ तारखेला गॉम्पर्सला जे उत्तर पाठवलं त्यातलं एक वाक्य देशभर गाजलं, की सार्वजनिक सुरक्षेच्या विरोधात संप करायचा हक्क कुणालाही, कुठेही, कधीही नाही. राष्ट्राध्यक्ष विल्सनने तर या संपाला संस्कृतीविरुद्धचा गुन्हा म्हटलं. शहरातल्या बाकीच्या युनियन सार्वत्रिक संप करणार अशी हवा होती, पण तो झालाच नाही. सहानुभूतीचे ठराव भरपूर, रस्त्यावर कोणी नाही.

एवढा राग का, हे समजायला ते वर्ष बघायला लागतं. फेब्रुवारीत सिएटलमध्ये सार्वत्रिक संप, जूनमध्ये अटर्नी जनरलच्या, म्हणजे देशाच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या, घरावर बॉम्ब, रशियात बोल्शेविक म्हणजे कम्युनिस्ट सत्तेवर, त्यामुळे कुठलाही संप म्हणजे क्रांती असं वातावरण. बोस्टनचे शिपाई बहुतेक आयरिश कॅथलिक, चर्चला जाणारे, पोराबाळांचे. त्यांना बोल्शेविक म्हणणं हा विनोदच, पण तो खपला.

आता मुख्य परिणाम. नव्या भरतीत दीड हजारावर माणसं घेतली, बरेचसे युद्धावरून परतलेले बेकार सैनिक. त्यांना सुरुवातीचाच पगार १,४०० डॉलर, जो आधी सहा वर्षांनी मिळायचा. युनिफॉर्म सरकारी खर्चाने, पेन्शन, जास्त सुट्ट्या. म्हणजे पैसे होते! ऑगस्टमध्ये नसलेले पैसे दोन महिन्यांत कुठून आले हा प्रश्न मी प्रत्येक मॅनेजमेंटला विचारलाय आणि उत्तर कधी मिळालं नाही. एक मजेशीर भाग असा की कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या युनियनने या नव्या पोलिसांचे युनिफॉर्म शिवायला नकार दिला, त्यामुळे ते काही काळ साध्या कपड्यांवर ड्युटी करत होते. सरकारने युनिफॉर्म फुकट देऊ केला तेव्हा तो शिवायला माणूस मिळेना. गार्ड दल डिसेंबरपर्यंत रस्त्यावर होतं, त्याचा खर्च वेगळा.

कूलिज आदल्या वर्षी गव्हर्नर म्हणून जेमतेम १७ हजार मतांनी निवडून आला होता, संपानंतर नोव्हेंबर १९१९ मध्ये सव्वा लाखाच्या फरकाने जिंकला, आणि विरोधी उमेदवार होता पोलिसांना परत घेऊ म्हणणारा. १९२० मध्ये तो उपराष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला, १९२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग वारल्यावर थेट राष्ट्राध्यक्ष. एका तारेवर माणूस व्हाइट हाऊसपर्यंत पोचला असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

कामगार चळवळीचं नुकसान मात्र लांबपर्यंत पुरलं. बाकीच्या शहरांतल्या पोलीस संघटना महासंघातून बाहेर पडल्या किंवा काढल्या गेल्या, आणि पुढची चाळीसेक वर्षं 'बोस्टन आठवतंय ना' एवढं म्हटलं की पोलीस युनियनचा विषय बंद. बोस्टनच्या पोलिसांची स्वतःची संघटना उभी राहिली ती १९६५ साली. आणि ऑगस्ट १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगनने संपावर गेलेल्या ११ हजारांवर हवाई वाहतूक नियंत्रकांना एका झटक्यात काढलं, तेव्हा त्याच्या कॅबिनेट रूमच्या भिंतीवर कूलिजचं चित्र होतं, त्याने स्वतः लावून घेतलेलं.

राहिला शेवटचा प्रश्न, त्या १,११७ जणांपैकी कुणी परत गेलं का. नाही. पुढे वेगवेगळ्या महापौरांकडे, गव्हर्नरांकडे अर्ज झाले, पण दार उघडलं नाही. कर्टिस १९२२ मध्ये वारला, तोपर्यंत कमिशनर तोच होता. म्हणजे ज्या माणसामुळे हे सगळं घडलं त्याची नोकरी शेवटपर्यंत शाबूत राहिली.